रक्ताचा हिशोब आहे, पोटाचा नाही

‘अहो, या गोळीने थोडं बद्धकोष्ठ होतंच. पाणी जास्त पाजा, ईसबगोल द्या.’

स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाची जाडजूड फाइल मांडीवर घेऊन ओपीडीच्या बाकावर बसणाऱ्या आईला हे वाक्य पाठ असतं. बोलणारा डॉक्टर दुष्ट नसतो. दाराबाहेर रांग असते, मुलाच्या कानातले आवाज कमी झालेले असतात, तो रात्री झोपू लागलेला असतो. त्या मोठ्या विजयापुढे पोटाची तक्रार किरकोळच वाटणार. आईलाही ती तशीच वाटते. घरात आजोबांना बद्धकोष्ठ, शेजारच्या काकूंना बद्धकोष्ठ, मग याला झालं तर काय मोठंसं? पण गोळी क्लोझापिनची असेल, तर या छोट्या वाक्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द चुकीचा ठरतो. ‘थोडं’ चुकीचं, ‘होतंच’ चुकीच्या अर्थाने बरोबर, आणि ‘ईसबगोल’ तर बऱ्याचदा उलट अंगावर येणारं.

सुरुवात ‘थोडं’पासून. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआ इथल्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर सुझाना एव्हरी-पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. क्ष-किरणात दिसणारे बारीक मार्कर भरलेल्या कॅप्सूल रुग्णांना काही दिवस गिळायला दिल्या, नंतर पोटाचा एक्स-रे काढला आणि मोठ्या आतड्यात किती मार्कर अडकून राहिलेत ते चक्क मोजलं. रुग्ण 37, त्यांतले 20 क्लोझापिनवर, उरलेले इतर अँटिसायकॉटिक औषधांवर. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले. इतर औषधांच्या गटात मळ मोठ्या आतड्यातून पुढे जायला लागणारा मध्यम वेळ 23 तास होता. क्लोझापिनच्या गटात तो 104.5 तास निघाला. म्हणजे सोमवारी सकाळी निघालेली गाडी मंगळवारी पोहोचण्याऐवजी शुक्रवारी दुपारी पोहोचली. क्लोझापिन घेणाऱ्या दर पाचांपैकी चौघांची आतडी अशी मंदावलेली होती.

याला ‘थोडं’ कुठल्या मापाने म्हणायचं?

या मंदपणाचं कारण औषधाच्या स्वभावातच आहे. आतड्याच्या भिंतीतले स्नायू लाटेसारखे आवळत-सैलावत मळ पुढे ढकलतात, आणि त्या लाटेला ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचा इशारा लागतो. क्लोझापिन तो इशारा अडवतं. सेरोटोनिनकडून आतड्याला मिळणारे काही संदेशही ते रोखतं. लाट मंदावते, मळ रेंगाळतो, त्यातलं पाणी शोषलं जाऊन खडा होतो, खड्यामागे आणखी साठतं, आतडं फुगत जातं. फुगलेल्या भिंतीला रक्त पुरेनासं झालं की ती काळी पडते, फाटते, आतली घाण पोटात आणि जंतू रक्तात उतरतात. बद्धकोष्ठाने सुरू झालेली गोष्ट इथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर आलेली असते. कधी तिथवरही पोहोचत नाही.

गंमत अशी, की याच औषधाने तोंडाला मात्र पाणी सुटतं. सकाळी उशी लाळेने ओली झालेली असते आणि घरच्यांना ती दिसते. आत कोरडं पडलेलं आतडं कुणालाच दिसत नाही. लाळेची तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचते, आणि ती थांबवायला अनेकदा ट्रायहेक्सिफेनिडिल किंवा ग्लायकोपायरोलेट लिहिलं जातं. ही औषधंही ॲसिटिलकोलीनच अडवतात. उशी सुकते, आतड्यावरचा दाब दुप्पट होतो.

ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे बहुतेक घरांत ‘पॅसिटेन’, हे नाव इथे मुद्दाम घ्यायला हवं. जुन्या अँटिसायकॉटिकमुळे अंग आखडू नये म्हणून ते सुरू होतं आणि पुढे चिठ्ठीवरून चिठ्ठीवर उतरत राहतं. मूळ औषध बदलतं, अंग आखडण्याचं कारण उरत नाही, तरी पॅसिटेन आपलं चालूच. कारकुनी परंपरेने चालणारी अशी औषधं प्रत्येक फाइलमध्ये सापडतात. डेन्मार्कमध्ये स्किझोफ्रेनियाच्या 26,720 रुग्णांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आतडी ठप्प होण्याचे 123 प्रसंग मिळाले. क्लोझापिन घेणाऱ्यांत ही शक्यता सुमारे दुप्पट होती. ठप्प आतड्याने जीवच गेला अशा प्रसंगांत मात्र क्लोझापिनचा धोका सहापटींच्या वर गेला, आणि पॅसिटेनच्या जातीची औषधंही त्याच्या जवळपास होती. हलोपेरिडॉलसारख्या जुन्या, तीव्र औषधांनीही आतडी ठप्प होण्याचा धोका वाढलेला दिसला, पण काही नव्या औषधांशी तसा संबंध आढळला नाही. तेव्हा ‘सगळीच मनाची औषधं पोट बांधतात’ हा सरसकट शेराही खरा नाही. काही थोडं बांधतात, काही फार, आणि दोन-तीन एकत्र आली की बेरीज होते.

आता ‘होतंच’कडे. होतं, हे खरंच. पण सगळ्यांना होतं म्हणून ते निरुपद्रवी, ही उडी कुठून आली? पावसाळ्यात डास सगळीकडे होतात म्हणून डेंग्यूला कुणी ‘होतोच’ म्हणून सोडत नाही. 2008 मध्ये याच एव्हरी-पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोझापिनमुळे आतडी बंद पडून जीव धोक्यात आल्याची 102 प्रकरणं गोळा केली. त्यांत 28 जण दगावले. वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या आतड्याचा तुकडा कापून काढावा लागला. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन देशांतल्या 1992 ते 2013 या 22 वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. क्लोझापिन सुरू केलेले रुग्ण 43,132, पोटाच्या गंभीर घटना 160, मृत्यू 29. दहा हजारांमागे सात मृत्यू.

आणि क्लोझापिनच्या ज्या धोक्याची सगळ्या जगाला धास्ती आहे, तो? पांढऱ्या पेशी एकाएकी घटण्याचा? 2018 च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण 0.013 टक्के, म्हणजे दहा हजारांमागे एकाहून किंचित जास्त निघालं. अभ्यास वेगळे, मोजण्याच्या रीती वेगळ्या, त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी करत बसू नये. तरी कोणत्या पारड्यात वजन आहे हे कळायला तराजू फार बारीक लागत नाही.

इथे कुणी हुशार वाचक हात वर करेल. पेशींमुळे होणारे मृत्यू कमी आहेत ते रक्त नेमाने तपासलं जातं म्हणूनच ना? मग तुलना कसली?

बरोबर. अगदी बरोबर. आणि नेमका तोच मुद्दा आहे.

1975 मध्ये फिनलंडमध्ये क्लोझापिन घेणाऱ्या 16 रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घसरल्या, त्यांतले आठ मेले, आणि अनेक देशांतून हे औषध जवळजवळ हद्दपार झालं. तेरा वर्षांनी, 1988 मध्ये, जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या कुठल्याच गोळीला न बधलेल्या 268 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सहा आठवड्यांत क्लोझापिनने 30 टक्के सुधारले, क्लोरप्रोमॅझिन या जुन्या औषधाने अवघे 4. एवढा फरक पाहिल्यावर औषध परत आणणं भाग होतं, आणि 1989 मध्ये अमेरिकेत ते आलं ते एका अटीवर: रक्ताचा अहवाल नाही तर गोळी नाही. पहिले महिने दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. जगभर या ना त्या रूपात हाच शिरस्ता झाला. सुई टोचायची, कागद आणायचा, आकडा बघायचा, मग चिठ्ठी. भीतीला माणसांनी वेळापत्रक लावलं आणि भीती आटोक्यात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2025 मध्ये तर ही सक्तीची नोंदणी-व्यवस्थाच काढून टाकली.

पोटाच्या वाट्याला असं काहीच आलं नाही. माहिती नव्हती म्हणावं, तर तीही होती. क्लोरप्रोमॅझिनच्या काळातच, 1967 मध्ये, कॅनडातल्या डॉक्टरांनी मनाच्या औषधांवर असताना आतडी निकामी झालेल्या आठ रुग्णांची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. तिघे मेले होते. ब्रिटनच्या नियामकाने ऑक्टोबर 2017 मध्ये, अमेरिकेच्या नियामकाने जानेवारी 2020 मध्ये क्लोझापिन आणि आतड्याबद्दल इशारे दिले. अमेरिकी इशाऱ्यात तर स्वच्छ लिहिलं आहे: औषध सुरू करण्याआधी पोटाची सवय विचारा, प्रत्येक भेटीत विचारा, पोट बांधणारी दुसरी औषधं शक्यतो जोडू नका. सूचना आहेत. पण कागद नाही तर गोळी नाही, असा खटका त्यांना नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर फाइलमध्ये लिहावंच लागत नाही, तो गर्दीच्या ओपीडीत पहिला गळतो.

हा प्रश्न आपल्याकडे गळावा यात जरा जास्तच खंत आहे. कारण इथे कुठलाही वैद्य नाडी हातात घेण्याआधी ‘पोट साफ होतं का?’ असं विचारायचा. आजी नातवाचा चेहरा उतरलेला दिसला की तेच विचारायची. सर्दी असो, पुरळ असो, चिडचिड असो, चौकशी परसाकडून सुरू व्हायची. त्या चौकशीची टिंगल करून आधुनिक झालेला समाज नेमक्या त्या ठिकाणी ती विसरला, जिथे तिच्यावर जीव टांगलेला आहे.

‘पण पेशंट तर काही तक्रार करत नाही!’ हा पुढचा बचाव. सगळ्यात घातक बचाव हाच. पोरिरुआच्याच मंडळींनी रुग्णांचं सांगणं आणि मार्करचा हिशोब शेजारी ठेवून पाहिला. ज्यांची आतडी कमालीची संथ होती, त्यांतल्या अनेकांनी ‘त्रास नाही’ असं सांगितलेलं होतं. त्यांना खोटारडं म्हणायचं कारण नाही. स्किझोफ्रेनियात दुखण्याची जाणीव, निदान ती बोलून दाखवणं, बोथट झालेलं असू शकतं. काहींना चार दिवसांनी जाणं हेच सवयीचं झालेलं असतं. काहींना लाज वाटते: पस्तिशीच्या माणसाने वहिनीला काय सांगायचं? आणि एखाद्याने सांगितलंच, तर ऐकणारे कान कसे असतात? ‘माझ्या पोटात कुणीतरी दगड भरून ठेवलेत’ असं स्किझोफ्रेनियाचा रुग्ण म्हणाला, तर पोट दाबून बघण्याआधी डोस वाढवायचा विचार होण्याची शक्यता किती? डोक्याच्या पेशंटचं पोट ही दोन खात्यांच्या मधली पडीक जमीन आहे. मानसोपचारवाला म्हणतो, पोट सर्जनकडे. सर्जन म्हणतो, हा तिकडचा पेशंट.

आणखी एक सापळा आहे. खडा घट्ट बसला की त्याच्या कडेने पातळ मळ झिरपू लागतो. कपडे खराब होतात, घरचे म्हणतात जुलाब लागले, आणि कुणीतरी जुलाब थांबवणारी गोळी देतं. बंद पडलेल्या नळाला वरून बूच.

मग ईसबगोल. मराठी घरात पोटाचा विषय निघाला आणि ईसबगोल निघाला नाही असं होत नाही. निरोगी, चालत्या आतड्याला तो उपयोगी आहे यात वाद नाही. तो पाणी शोषून फुगतो, मळाचं आकारमान वाढवतो, आणि त्या आकारामुळे आतडं जोराने ढकलू लागतं. पण ढकलणारी लाटच औषधाने झोपवली असेल तर? मग फुगलेला भुसा म्हणजे चक्का जाममध्ये सोडलेले आणखी चार ट्रक. म्हणूनच क्लोझापिनमुळे मंदावलेल्या आतड्यासाठी भुश्याच्या जातीची रेचकं टाळा, असं या विषयातले जाणकार सांगतात. केळी, पपई, पाणी, फिरायला जाणं यांनी बिघडत काही नाही, पण एवढ्यावर भागतही नाही.

पोरिरुआत बसवलेली पद्धत वेगळी आहे. मळ मऊ करणारं डॉक्युसेट आणि आतड्याला हलवणारं सेना, दोन्ही आधीपासून, नेमाने. गरज पडली तर त्यात मॅक्रोगॉल. 2017 मध्ये 14 रुग्णांवरचे निष्कर्ष आले: आतड्यातून जायला लागणारा मध्यम वेळ 110 तासांवरून 62 वर उतरला. पूर्ववत नाही झाला, पण धोक्याच्या कड्यावरून मागे आला. चौदा ही संख्या लहान आहे हे मान्य. त्याच वर्षी, वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात अँटिसायकॉटिकमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठावर विश्वास ठेवावा असं संशोधन शोधलं गेलं, तेव्हा साऱ्या जगातून नाव घ्यावं अशा दोनच छोट्या चाचण्या हाती लागल्या. रक्ताच्या पेशींवर ग्रंथालयं भरतील एवढं लिहिलं गेलं आणि शौचावर दोन चाचण्या. विज्ञानालाही लाज वाटते, ती अशी दिसते.

जाता जाता, सेना म्हणजे आपली सोनामुखी. आजीच्या बटव्यातून नेमकी चुकीची पुडी बाहेर आली, बरोबर असलेली शेजारीच होती. अर्थात ती आजीच्या अंदाजाने द्यायची नाही. डॉक्टरांनी मात्रा ठरवून द्यायची.

बिडी-सिगारेटचाही इथे एक विचित्र संबंध आहे. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत क्लोझापिन झपाट्याने जाळतं. रोज बंडलभर ओढणारा माणूस दवाखान्यात भरती झाला, बिडी एकदम सुटली, की त्याच गोळीची रक्तातली पातळी काही दिवसांत चढते आणि आतडं आणखी सुस्तावतं. तंबाखू मळणाऱ्याला हे लागू नाही, कारण करामत धुराची आहे, निकोटिनची नाही. व्यसन सुटलं म्हणून पेढे वाटणाऱ्या घरच्यांनी डॉक्टरांना फोनही करायला हवा, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं का?

इतकं सगळं वाचून दुसऱ्या टोकाची मंडळी खूश होतील. ‘आम्ही म्हणतच होतो, ही औषधं म्हणजे विष. बंद करा.’ त्यांच्याशी भांडण जास्त कडक आहे. फिनलंडमध्येच, जिथे 1975 ची ती दुर्घटना घडली, 66,881 रुग्णांचा अकरा वर्षांचा मागोवा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या अँटिसायकॉटिकमध्ये क्लोझापिन घेणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी होता. या आजारात आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळालेलं औषधही हेच. साधारण तिनांतल्या एका रुग्णाला बाकीच्या गोळ्या पुरेशा लागू पडत नाहीत, आणि त्याच्यासाठी शेवटचा खरा उपाय हाच असतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट 2004 मध्ये आला, तेव्हा अतुल कुलकर्णीने उभ्या केलेल्या शेषमुळे हा आजार घराची काय दैना करतो हे मराठी प्रेक्षकाने पाहिलं. त्या दैनेतून बाहेर काढणारी गोळी विष म्हणून फेकून देणं हा घरच्यांना परवडणारा सल्ला नाही. शिवाय क्लोझापिन मनाने एकदम तोडलं तर आजार उसळून येतो, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर पुन्हा अगदी छोट्या मात्रेपासून चढावं लागतं.

डॉक्टरांची एक खासगी अडचणही आहे, ती ते चारचौघांत बोलत नाहीत. ‘इतकं सांगितलं तर घाबरून गोळीच बंद करतील.’ भीती अगदीच निराधार नाही. पण रक्ताबद्दल सांगतातच ना? ‘पांढऱ्या पेशी जाऊन माणूस मरू शकतो’ हे ऐकूनही घरचे आठवड्या-आठवड्याला मुलाला घेऊन पॅथॉलॉजीच्या दारात उभे राहतात. त्यांना धोका झेपतो, कारण धोक्यासोबत हातात काम दिलेलं असतं. पोटाबद्दल काम न देता नुसतं ‘होतंच’ म्हणणं हे रुग्णाला जपणं नाही, वेळ वाचवणं आहे.

आणि काम फार अवघड नाही. चिठ्ठी लिहिताना रेचक त्याच कागदावर, पहिल्याच दिवशी. पॅसिटेन अजून का चालू आहे याचा दर भेटीत जाब. डॉक्टरांचा हात निदान एकदा पोटावर. आणि घरात कालनिर्णयच्या चौकोनात रोज एक खूण: झालं किंवा नाही, कठीण की नरम. दुधाचा हिशोब जिथे लिहितात तिथेच. रुग्णाला स्वतःला लिहिता येत असेल तर त्यानेच लिहावं, पोट त्याचं आहे.

दोन-तीन चौकोन कोरे गेले तर डॉक्टरांना फोन करायचा. पोट ताणून फुगलं, तासाभरापेक्षा जास्त दुखत राहिलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, किंवा बद्धकोष्ठाच्या माणसाला एकदम पातळ होऊ लागलं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही आणि घरी एनिमा देत बसायचं नाही. सर्जन असलेलं रुग्णालय गाठायचं, आणि केसपेपर निघण्याआधी दारातच सांगायचं: पेशंट क्लोझापिनवर आहे, शेवटचं शौच अमुक दिवशी झालं.